एट्रियममध्ये आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत: काय करता येईल?

चौकट (धागाकर्ती)

एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे आहे. मधोमध एट्रियम, म्हणजे सगळ्या मजल्यांतून वर जाणारा उंच मोकळा चौक आहे: लांबी ३० मीटर, रुंदी २०, उंची १५. तळाला पॉलिश केलेला ग्रॅनाइट, लांबीच्या दोन्ही बाजूंना वरच्या तीन मजल्यांच्या गॅलऱ्या, त्यांना काचेची रेलिंग, समोर पूर्ण उंचीची काच, मागे लिफ्टची काँक्रीटची भिंत आणि वर काचेचं छत. उजेड भरपूर येतो, लोकांना ही जागा मनापासून आवडते. पण चौकशीच्या टेबलावर एकच वाक्य दोन-तीनदा बोलावं लागतं. घोषणा चालू आहे एवढंच कळतं, कशाची ते कळत नाही. शाळेची मुलं आत आली की वरच्या वाचनकक्षातले लोक खाली येऊन तक्रार करतात.

समितीत सूचना आल्या त्या अशा: मोठे स्पीकर लावा, गालिचा टाका, कुंड्या ठेवा, फोमचे तक्ते चिकटवा. काचेचं छत झाकायला कोणाचीच तयारी नाही, माझीही नाही. सुरुवात कुठून करावी?

ध्वनिमापक

स्पीकरला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी चौरस मीटर मोजा.

आवाज बंद झाल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने खाली यायला जितका वेळ लागतो तो निनादकाल. जागेचं घनफळ जास्त आणि आवाज शोषणारं क्षेत्रफळ कमी, की हा काळ लांबतो. हे नातं वॉलेस सॅबाइन यांनी शोधलं. हार्वर्डमधल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानकक्षात वक्त्याचं बोलणं कोणालाच नीट कळत नव्हतं, म्हणून १८९५ मध्ये ते काम या तरुण प्राध्यापकाकडे आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, थोड्या थोड्या वाढवत प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत ठेवायच्या. त्यातून जे सूत्र निघालं ते आजही पहिल्या अंदाजाला पुरतं: निनादकाल = ०.१६१ × घनफळ ÷ एकूण शोषण.

आता तुमची जागा. घनफळ ९,००० घनमीटर. जमीन ६००, छत ६०० आणि चार बाजू मिळून १,५००, म्हणजे पृष्ठभाग २,७०० चौरस मीटर. १,००० हर्ट्झला पॉलिश केलेला दगड शंभरातला एखाद-दुसरा भाग शोषतो, काच तीनेक भाग, जिप्सम बोर्ड चार-पाच. फर्निचर आणि दारं धरून सरासरी शंभरातले पाच भाग (०.०५) घेतली तर शोषण १३५ चौरस मीटर, म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. एवढ्या मोठ्या जागेत हवासुद्धा आवाज खाते, त्याचे ४० धरा. एकूण १७५. भागाकार केला की ८ सेकंदांच्या थोडं वर येतं. माणसं आत आली की प्रत्येकी अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास भर पडते, त्यामुळे वर्दळीच्या वेळी प्रत्यक्ष काळ कमी असेल. तरी बोलणं समजायला तो फारच लांब आहे.

अशा जागेला २.५ सेकंदांचं लक्ष्य ठेवा. त्यासाठी एकूण शोषण ५८० लागतं, म्हणजे सुमारे ४०५ ची भर. चांगल्या पॅनलचा शोषण गुणांक (आवाजाचा किती हिस्सा तो शोषतो तो आकडा) ०.८५ धरला तर जवळपास ४७५ चौरस मीटर पॅनल. समितीत पहिल्यांदा हा आकडा मांडा. कुंड्या आणि चार तक्त्यांची चर्चा तिथेच संपेल.

चौकट

आकडा पाहून धक्काच बसला. माझं पूर्ण छत ६०० चौरस मीटरचं आणि ते काचेचं. ४७५ आणू कुठून?

वास्तुरेखा

मी आर्किटेक्ट आहे, माझ्याकडेही अशा जागा आल्या आहेत. ताई, तुमच्याकडे जागा आहे, ती सहज लक्षात येत नाही एवढंच. गॅलऱ्यांच्या पोटाकडची बाजू, म्हणजे त्यांच्याखाली डोक्यावर येणारं सीलिंग पाहा. गॅलरी २.५ मीटर रुंद असेल तर ३० मीटर लांबीच्या दोन बाजू आणि तीन मजले मिळून ४५० चौरस मीटर होतात. तिथे कोणी हात लावत नाही, पाय लागत नाही, उजेड अडत नाही. खनिज लोकरीच्या बोर्डावर अकूस्टिक (आवाज आत शिरू देणारं सच्छिद्र) प्लास्टर मारलं तर सांधाही दिसत नाही, साध्या सीलिंगसारखंच दिसतं.

दुसरी जागा म्हणजे लिफ्टची काँक्रीटची भिंत. २० बाय १५, म्हणजे ३००. दारं आणि खालचा भाग सोडला तरी २०० हाताशी येतात. स्लॅबच्या कडेच्या पट्ट्या वेगळ्या.

काच आणि दगड हे काही शत्रू नाहीत. दगडाची जमीन टिकते, पुसता येते, चाकाच्या खुर्चीला सोपी पडते. ती राहू द्यावी आणि नजरेच्या वरचं सगळं मऊ करावं, असं माझं मत आहे.

ध्वनिमापक

अगदी पटलं, फक्त ते ४५० पूर्ण धरू नका. माझ्या हिशोबात गॅलऱ्यांच्या उघड्या बाजू मी कठीण भिंतीच मानल्या आहेत, कारण आत सगळं कठीण असल्यामुळे तिथे शिरलेला आवाज बराचसा परत बाहेर येतो. पोटाकडची बाजू शोषक केली की आत गेलेला आवाज कमी परत येईल. पण जेवढा आवाज त्या उघड्या बाजूतून आत शिरतो तेवढ्यावरच तिचा ताबा. त्यामुळे एट्रियमच्या निनादकालावर परिणाम कागदावरच्या ४५० पेक्षा कमी दिसेल. तरीही मी पहिला खर्च तिथेच करायला सांगेन, कारण वाचनकक्षाकडे जाणारा आवाज गॅलरीच्या सीलिंगवर आपटूनच आत जातो. तुमची वरच्या मजल्याची तक्रार मुख्यतः तिथे सुटेल.

लिफ्टच्या भिंतीला मात्र वेगळं कारण आहे. समोरची काच तिच्यापासून ३० मीटर लांब. टाळी वाजवली तर आवाज जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे सेकंदाच्या सहाव्या भागाहून किंचित जास्त वेळ. हा निनादात मिसळून जात नाही, वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो आणि पुढच्या शब्दावर येऊन पडतो. समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींपैकी एक शोषक केली की हा खेळ थांबतो. काचेला हात लावता येत नाही, म्हणून लिफ्टची भिंत.

सॅबाइनचं सूत्र आवाज सगळीकडे सारखा पसरलेला आहे असं गृहीत धरतं. एट्रियममध्ये तसं नसतं. शोषण एकाच ठिकाणी गोळा केलं तर सूत्र सांगतं त्यापेक्षा प्रत्यक्ष काळ लांब भरतो. म्हणून तीनही दिशांना थोडं थोडं वाटलेलं उत्तम. काम मोठं असेल तर संगणकावर आवाजाच्या किरणांचा माग काढणारं मॉडेल करून घ्या, तिथे हा फरक दिसतो.

नवशिका

आमच्या ऑफिसात एकाने जाड दुहेरी काच लावायला सांगितली होती. त्याने घुमणं कमी होईल का?

ध्वनिमापक

नाही. दुहेरी काच बाहेरची वाहतूक बाहेर ठेवते. आतला आवाज तिच्यावर आपटून तितकाच परत येतो. अडवायला वजन लागतं, शोषायला छिद्रं लागतात.

ध्वनियोजक

स्पीकरबद्दल मी लिहितो, माझं काम तेच आहे. मोठा स्पीकर हा इथे सर्वात वाईट उपाय आहे. आवाज वाढवला की थेट येणारा आवाज वाढतो आणि घुमणाराही तेवढाच वाढतो. दोघांमधला फरक जसाच्या तसा राहतो, आणि शब्द कळणं त्या फरकावर अवलंबून असतं.

कोणत्याही स्रोतापासून एका ठरावीक अंतरापर्यंत थेट आवाज वरचढ असतो, पुढे निनाद वरचढ होतो. ९,००० घनमीटर आणि ८ सेकंदांत, सगळीकडे सारखा आवाज फेकणाऱ्या स्रोतासाठी हे अंतर दोन मीटरसुद्धा नाही. निनादकाल २.५ वर आला की ते साडेतीन मीटरच्या जवळ जातं. आता उभा कॉलम स्पीकर घ्या, जो आवाज अरुंद पट्ट्यात श्रोत्यांकडेच फेकतो. त्याची दिशात्मकता (सगळीकडे फेकणाऱ्या स्रोताच्या तुलनेत समोर किती पट जोर) १५ धरली तर हेच अंतर आज सात मीटर आणि शोषण बसवल्यावर तेरा. म्हणजे दोन्ही कामं एकमेकांना धरून आहेत. पण शोषण आधी.

बाकी पथ्यं: स्पीकर कानांच्या दिशेने असावेत, काचेच्या छताकडे नकोत. गॅलरीच्या पोटाखाली छोटे छोटे स्पीकर हळू आवाजात, लोकांच्या जवळ. लांबच्या स्पीकरना विलंब द्या, मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद, नाहीतर तेच वाक्य दोनदा ऐकू येतं. घोषणेतला सुमारे २०० हर्ट्झखालचा भाग कापून टाका. त्यात शब्द ओळखायला फारसं काही नसतं, तो भाग नुसता घुमत राहतो. आणि बोलणाऱ्याला सावकाश बोलायला शिकवा, वाक्यं छोटी ठेवा. हे आज दुपारपासून करता येईल.

काम स्वीकारताना बोलण्याची सुगमता मोजून घ्या. ० ते १ अशी पट्टी असते, आयईसी ६०२६८-१६ या मानकात तिची पद्धत दिली आहे. आणीबाणीच्या घोषणेसाठी किमान ०.५ धरण्याची रीत आहे. करारात हा आकडा लिहा. स्पीकरचे वॉट लिहून काही सिद्ध होत नाही.

कानसेन

मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतो, म्हणून हा धागा मनापासून वाचतोय. ज्यांना नीट ऐकू येतं त्यांना अशी जागा त्रासदायक वाटते, आम्हाला ती बंदच असते. श्रवणयंत्र जवळचा शब्दही मोठा करतं आणि घुमणारा गोंगाटही. आम्ही मग टेबलापर्यंत जातच नाही, सोबतच्या माणसाला पाठवतो. प्रश्न आपला असतो आणि विचारतो दुसरा, याचं किती वाईट वाटतं ते ज्याचं त्याला माहीत.

दोन विनंत्या. चौकशीच्या टेबलावर इंडक्शन लूप बसवा. समोरच्याच्या माइकमधला आवाज चुंबकीय क्षेत्रातून, टी-कॉइल (ते क्षेत्र पकडणारं छोटं वेटोळं) असलेल्या श्रवणयंत्रात थेट येतो, खोलीतला निनाद मध्ये येतच नाही. आणि प्रत्येक घोषणा पडद्यावर अक्षरांतही दाखवा.

चौकट

कानसेन, दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. टेबल सध्या एट्रियमच्या अगदी मध्यात आहे, दारातून शिरताच दिसावं म्हणून.

वास्तुरेखा

टेबल गॅलरीखाली सरकवा ताई. तिथे डोक्यावर खालचं सीलिंग मिळतं, ते शोषक केलं आणि बसणाऱ्याच्या पाठीमागे एक शोषक भिंत उभी केली की त्या टेबलापुरती वेगळी खोलीच तयार होते. हलवणं शक्य नसेल तर टेबलावर अडीच-तीन मीटर उंचीवर शोषक छत्र लटकवा. दारातून दिसण्यासाठी वर मोठा फलक पुरतो. ४७५ चौरस मीटरची मंजुरी मिळेपर्यंत एवढं तरी नक्की करा, कारण गर्दीतला प्रत्येक माणूस त्या टेबलाशी बोलतो.

सावली

मला दिसत नाही. पांढरी काठी घेऊन फिरते. सगळे निनाद कमी करा म्हणताहेत, त्यात एक गोष्ट सांगावीशी वाटते. काठीच्या टोकाचा आवाज कसा परत येतो त्यावरून मला भिंत जवळ आहे की मोकळी जागा आहे ते कळतं. गॅलरीखाली शिरले की आवाज बदलतो, त्यावरून मी मार्ग ओळखते. आठ सेकंदांच्या घुमण्यात हे सगळं बुडून जातं हे खरं, गर्दीत तर दिशाच हरवते. पण एखाद्या जागेत इतकं कापड आणि लोकर असते की काहीच परत येत नाही, तिथेही मी चाचपडते. जमीन कठीण राहू द्या. आणि लिफ्टसमोरचा दगड थोडा खरखरीत केलात तर काठीला आणि कानाला दोघांना खूण मिळेल.

ध्वनिमापक

सावलीताई, फार मोलाचं लिहिलंत. अडीच सेकंद म्हणजे जागा मुकी होत नाही, ती मोठीच वाटते. एवढ्या घनफळात एका सेकंदापर्यंत खाली नेणं अवघडही आहे आणि गरजही नाही. शोषण वर आणि कठीणपणा पायाशी ठेवला, तर काठीचा आवाज जवळच्या भिंतीवरून तुमच्याकडे परत येतो आणि लांबून येणारा पसारा तेवढा कमी होतो. त्यासाठी भिंतींचा खालचा माणसाच्या उंचीएवढा भाग कठीण राहिला तरी चालेल. लिफ्टच्या भिंतीचं काम म्हणूनच वरून सुरू करा.

हिरवळ

कुंड्या एका वाक्यात निकालात निघाल्या म्हणून विचारते. झाडांनी खरंच काही होत नाही?

ध्वनिमापक

पानं वरच्या वारंवारतेचा आवाज थोडा विखुरतात, शोषण मात्र अगदी थोडं. शोषतो तो मातीचा भुसभुशीत थर. त्यामुळे खोल, सच्छिद्र माध्यम असलेली उभी हिरवी भिंत मधल्या आणि वरच्या वारंवारतांना खरोखर कामाची असते. सुट्या कुंड्यांचं क्षेत्रफळच भरत नाही.

गालिच्याचंही सांगतो, कारण तो प्रश्न पुन्हा येणार. काँक्रीटवर टाकलेला गालिचा २,००० हर्ट्झला ०.६ पर्यंत शोषतो, १२५ हर्ट्झला ०.०२. म्हणजे स आणि श नाहीसे होतात, घूं तसाच राहतो आणि जागा आधीपेक्षा जड वाटते. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: पावलांचा आणि ट्रॉलीचा आवाज तो जन्मालाच येऊ देत नाही. वाचनकक्षात जरूर टाका.

हीच गोष्ट पातळ फेल्टची. सच्छिद्र पदार्थ आवाज कसा शोषतो, तर हवेचे कण त्याच्या छिद्रांत घासले जाऊन त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. कणांची हालचाल कठीण भिंतीला लागून जवळपास शून्य असते आणि भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक. १,००० हर्ट्झला पाव तरंगलांबी ८–९ सेंटिमीटर, ५०० ला १७, १२५ ला ६९. एक इंची फेल्ट भिंतीला चिकटवलं तर पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग त्याला दिसतच नाही. त्याच फेल्टच्या मागे १०–१५ सेंटिमीटर पोकळी सोडा, तोच माल कितीतरी जास्त काम करतो. पुरवठादार एनआरसी म्हणून पदार्थाच्या शोषणाचा एकच आकडा देतात. ती २५०, ५००, १,००० आणि २,००० हर्ट्झची सरासरी असते, त्यात १२५ नाहीच. वारंवारतेच्या प्रत्येक पट्ट्याचा वेगळा गुणांक मागा, आणि तो किती पोकळी सोडून मोजला आहे तेही विचारा.

बसवल्यावर रंगाऱ्याला तिकडे फिरकू देऊ नका. साध्या ऑइल पेंटच्या एका हाताने छिद्रं बुजतात.

नवशिका

काचेचं छत खरंच अस्पर्श ठेवायलाच हवं का? पारदर्शक शोषक असतो असं ऐकलंय.

वास्तुरेखा

असतो. पारदर्शक पत्र्यांना किंवा पातळ फॉइलला एक मिलिमीटरहून बारीक छिद्रं पाडलेली असतात, ती एकूण क्षेत्रफळाच्या साधारण एक टक्का. इतक्या बारीक छिद्रांत हवेचं घर्षणच पुरेसं होतं, मागे लोकर लागत नाही. चीनचे शास्त्रज्ञ मा दायू यांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं. काचेपासून ठरावीक अंतर सोडून ताणून बसवतात. उजेड येतो, पण काच धुण्याची सोय आधी ठरवावी लागते.

दुसरा मार्ग बॅफलचा, म्हणजे छताखाली उभ्या टांगलेल्या शोषक पट्ट्यांचा. दोन्ही बाजू शोषतात, मधून उजेड येतो, उन्हाची तिरीपही तुटते. फार दाटीने टांगले तर ते एकमेकांच्या आड येतात आणि प्रत्येकी शोषण घटतं.

अग्निरक्षक

टांगण्याचा विषय निघालाच आहे तर कृपया हे वाचा. एट्रियममध्ये आग लागली तर धूर वर साठतो आणि छतातून बाहेर काढला जातो. त्या मार्गात काय लटकतंय याला महत्त्व आहे. बॅफलनी स्प्रिंकलरचं पाणी अडता कामा नये, धूर ओळखणाऱ्या किरणांच्या रेषेत ते येता कामा नयेत. नकाशा अग्निसुरक्षेच्या माणसाला दाखवल्याशिवाय एकही हुक ठोकू नका.

आणि फोमचे तक्ते ही सूचना समितीच्या इतिवृत्तातसुद्धा राहू देऊ नका. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात फेब्रुवारी २००३ मध्ये एका नाइटक्लबात मंचावरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तो लावला होता. काही मिनिटांत सगळं पेटलं, १०० माणसं गेली. काचलोकर, दगडलोकर, छिद्रांचे धातूचे पत्रे असे न जळणारे पर्याय असताना हा धोका कशासाठी पत्करायचा? प्रत्येक मालाचा अग्निचाचणीचा दाखला, आणि तोही चिकटवण्याच्या पद्धतीसकट, लेखी घ्या.

घुमटवाडी

आमच्या नव्या इमारतीत एट्रियमवर वक्र छत येतंय. काही वेगळं पाहायचं का?

ध्वनिमापक

हो, आणि नकाशावर असतानाच. अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो. विजापूरच्या गोल घुमटात कुजबूज पलीकडे ऐकू जाते ती वक्र भिंतीमुळेच. तिथे ते पाहायला लोक जातात, तुमच्या स्वागतकक्षात ते नको आहे. लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल १८७१ मध्ये उघडला तेव्हापासून घुमटाच्या प्रतिध्वनीने बदनाम होता. कापडी छत टांगून पाहिलं, आणखी बरंच करून पाहिलं. शेवटी १९६९ मध्ये छताखाली फायबरग्लासच्या मोठ्या तबकड्या टांगल्या, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. जवळपास शंभर वर्षं गेली. वक्रतेचं केंद्र लोकांच्या कानांच्या उंचीच्या आसपास येत असेल तर वक्रता बदला. आता ती बदलायला पेन्सिल पुरते.

चौकट

समितीपुढे मांडताना एक अडचण येणार. एवढा खर्च करून आवाज किती कमी होणार, हे कोणीतरी विचारेल. काय सांगू?

ध्वनिमापक

शोषण १७५ वरून ५८० वर गेलं की घुमणाऱ्या आवाजाची पातळी निव्वळ गणिताने सुमारे ५ डेसिबलने उतरते. ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. पण माणसं यंत्रासारखी बोलत नाहीत. गोंगाट वाढला की प्रत्येक जण नकळत आवाज चढवतो, त्याने गोंगाट आणखी वाढतो. एतियेन लोंबार यांनी १९११ मध्ये हे नोंदवलं. पार्श्वभूमी एक डेसिबल चढली की बोलणारा साधारण अर्धा डेसिबल चढतो. हे चक्र उलटंही फिरतं: जागा शांत झाली की लोक स्वतःहून हळू बोलतात. त्यामुळे गर्दीच्या वेळी घट गणिताच्या जवळपास दुप्पट मिळते, म्हणजे सुमारे १० डेसिबल. कानाला तो गोंगाट निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. एक पाटी न लावता मुलं हळू बोलायला लागतील, हे समितीला जरूर सांगा.

कारंजं बसवून गोंगाट झाका असं कोणी सुचवलं तर याच कारणाने नकार द्या. त्याच्यावरही लोक आवाज चढवतातच.

चौकट

मग क्रम असा ठरवते: टेबल हलवणं आणि लूप लगेच, त्यानंतर गॅलऱ्यांच्या पोटाकडचं काम, मग लिफ्टची भिंत वरून खाली, आणि मोजून उरलं तर छताखाली फॉइल. स्पीकर सर्वांत शेवटी. फरक पडला हे मोजायचं कसं?

ध्वनिमापक

क्रम उत्तम आहे. काम सुरू व्हायच्या आधी एकदा मोजणी करून घ्या, नाहीतर तुलनेला काहीच उरत नाही. आयएसओ ३३८२-२ प्रमाणे, जागा रिकामी असताना, बारा तोंडांच्या स्पीकरमधून चढत्या सुराचा संकेत सोडून, वेगवेगळ्या ठिकाणी माइक ठेवून मोजतात. १२५ ते ४,००० हर्ट्झपर्यंत प्रत्येक पट्ट्याचा काळ वेगळा मागा. एक माइक टेबलाशी आणि एक वरच्या वाचनकक्षाच्या दारात असायलाच हवा. फुगा फोडून मोबाइलवर घेतलेला अंदाज मधल्या टप्प्यांना चालेल, बिल मंजूर करायला नाही. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच जागांवर पुन्हा मोजा. एसीच्या यंत्रणेचा पार्श्वआवाजही नोंदवून घ्या, ती चालू असताना आणि बंद असताना. तो मोठा निघाला तर निनाद कमी करूनही घोषणा पुसटच राहतील, आणि मग लोकर वाढवण्याऐवजी पंख्याच्या डक्टमध्ये सायलेन्सर बसवावा लागेल.